गोळी तर तू घेतेच आहेस, प्रश्न नोंद ठेवायची का इतकाच आहे

पत्र थोडक्यात असं आहे, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत:

"ताई, मी ३१ वर्षांची आहे, पहिलंच बाळ, सोळावा आठवडा चालू आहे. मला कॉलेजपासून फिट्सचा त्रास आहे आणि लॅमोट्रिजिन चालू आहे, सकाळी एक रात्री एक. गेल्या तीन वर्षांत एकही फिट नाही. मागच्या व्हिजिटला माझ्या न्यूरोलॉजिस्टनी विचारलं की एका अभ्यासात भाग घेशील का. औषध बदलणार नाहीत, डोस तेच ठरवणार, पण दर महिन्याला रक्त घेऊन त्यात औषध किती आहे ते बघणार, आणि डिलिव्हरीनंतर अंगावरच्या दुधाचे नमुने आणि बाळाचं एकदा थोडंसं रक्त. घरी सांगितलं तर नवरा एकदम भडकला, म्हणाला आपल्या बाळावर प्रयोग करू द्यायचे नाहीत, ती हातपाय नसलेली मुलं जन्माला आली होती ते माहितीये ना. आई म्हणते की डॉक्टर विचारतायत म्हणजे औषधातच काहीतरी गडबड असणार. सासूबाई काही बोलत नाहीत पण तोंडाकडे बघतात. हे सगळं ऐकून मी इतकी घाबरले की दहा दिवस रात्रीची गोळीच घेतली नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही. अभ्यासात गेले तर मी स्वार्थी आई ठरेन का? आणि बाळाला दूध पाजू की नको?"

सगळ्यात आधी ते दहा दिवसांचं. हे वाचून झालं की पुढचं नंतर वाच, आधी डॉक्टरांना फोन कर. किती गोळ्या सुटल्या, कुठल्या वेळच्या, हे नेमकं सांग, लपवू नकोस आणि कमीही करून सांगू नकोस. आणि भरपाई म्हणून आज रात्री दोन गोळ्या एकदम घेऊ नकोस. लॅमोट्रिजिन बरेच दिवस सुटलं असेल तर परत पूर्ण डोसवर एकदम नेत नाहीत, हळूहळू चढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर रॅश येऊ शकते. तुझं अर्धंच सुटलंय, म्हणून तुझ्या बाबतीत काय करायचं ते तेच ठरवू शकतात, मी नाही. मी डॉक्टर नाहीये. मी नऊ वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचे अभ्यास मंजूर करण्याआधी तपासणाऱ्या समितीवर होते, ज्या डॉक्टर नसलेल्या माणसांना मुद्दाम घेतात त्यांच्यातली एक, म्हणजे पेशंटच्या बाजूने कागद वाचणारी. त्यामुळे तुझ्या बाकीच्या प्रश्नांवर मला बरंच बोलायचंय.

तुझ्यावर मला अजिबात राग नाही हे आधी सांगते. तू जे केलंस ते भीतीने, आणि बाळासाठीच केलंस. पण त्यामागे एक समजूत आहे, ती फक्त तुझीच नाही, जवळजवळ सगळ्यांचीच असते: औषध घेतलं नाही की बाळ सुरक्षित. काही न करणं म्हणजे काही न होणं. तुझ्या बाबतीत ते खरं नाहीये. मोठी फिट आली तर तू पडू शकतेस, पोटावर मार बसू शकतो, आणि फिट चालू असताना बाळाला ऑक्सिजन कमी पडू शकतो. तुझी तीन वर्षं चांगली गेली ती त्या दोन गोळ्यांमुळे गेली, आणि त्यातली एक तू गाळलीस नेमकी अशा वेळी जेव्हा शरीराला बहुतेक जास्त लागत असेल.

जास्त का, ते सांगते, कारण तुझ्या डॉक्टरांचा अभ्यास नेमका त्यावरच आहे. दिवस गेले की बाईचं शरीर आतून बदलतं. रक्ताचं प्रमाण जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, किडन्या साधारण दीडपट काम करायला लागतात, आणि लिव्हर काही औषधं फार भराभर संपवायला लागतं. लॅमोट्रिजिन त्यातलंच. इस्ट्रोजेन वाढलं की ते इतक्या वेगाने शरीराबाहेर जातं की काही बायकांमध्ये हा वेग दुपटीच्याही पुढे जातो. म्हणजे गोळी तीच, वेळ तीच, एकही चुकवलेली नाही, आणि तरी रक्तातलं औषध उतरत जातं आणि तीन वर्षांनी फिट येते. बाई म्हणते मी तर सगळं नियमित घेत होते. ती खरंच घेत असते गं.

आता हे आपल्याला कळलं कसं? गरोदर बायकांनी महिन्या-महिन्याला हात पुढे करून रक्त दिलं म्हणून कळलं, पुरुषांवरच्या चाचण्यांमधून हे कधीच दिसलं नसतं. आणि डिलिव्हरीनंतर उलटं होतं तेही त्यांच्याचमुळे कळलं: बाळ झाल्यावर काही दिवसांतच, दोन-तीन आठवड्यांत, शरीर परत जुन्या वेगावर येतं आणि वाढवलेला डोस तसाच ठेवला तर आईला चक्कर येते, एकाची दोन दिसतात, तोल जातो, आणि तेही हातात तान्हं बाळ असताना. तुझ्या डॉक्टरांना जर डोस कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा हे माहिती असेल तर ते असल्या कुणाकुणाच्या रक्तातून आलेलं आहे.

आई म्हणतात ना की विचारतायत म्हणजे गडबड आहे, तर त्यांना हे सांगून बघ. औषधात शंका आहे म्हणून हा अभ्यास आहे असं दिसत नाही. औषध पोटुशी बाईच्या अंगात किती टिकतं आणि दुधात किती उतरतं हे आणखी नेमकं हवंय. आणि बाळातल्या व्यंगाबद्दल म्हणशील तर लॅमोट्रिजिनची माहिती बरीच जमलेली आहे. १९९९ पासून युराप नावाची एक नोंदवही चालू आहे, चाळीसच्या वर देशांतल्या फिट्सची औषधं घेणाऱ्या गरोदर बायका त्यात आहेत. त्यांना काही वेगळं दिलं जात नाही, फक्त काय घेतलं आणि बाळ कसं झालं एवढं लिहिलं जातं. त्यातून दिसलं की लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांमध्ये मोठं व्यंग असण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि कुठलंच औषध न घेणाऱ्या बायकांमध्येही ते २ ते ३ टक्के असतंच. व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाचं मात्र १० टक्क्यांच्या आसपास निघालं.

त्या व्हॅल्प्रोएटवर मला जरा थांबायचंय. ते फ्रान्समध्ये १९६७ पासून वापरात आहे. पोटात असताना ज्या मुलांना ते मिळालं त्यांच्या बुद्धीवर काय परिणाम होतो हे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने नीट मोजलं, त्यात आयांना १९९९ ते २००४ मध्ये घेतलं, मुलं मोठी होऊ दिली, आणि सहा वर्षांच्या वयातले आकडे २०१३ मध्ये छापून आले: व्हॅल्प्रोएटवाल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९७, लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८. १९६७ आणि २०१३. मधल्या सगळ्या वर्षांत जगभरच्या बायका ते घेतच होत्या ना, प्रयोग तर चालूच होता, फक्त बरीच वर्षं कुणी नीट लिहून ठेवत नव्हतं. कुणाचं मूल शाळेत मागे पडलं की ती आई स्वतःलाच काहीतरी लावून घेत असणार, मी नीट लक्ष दिलं नाही म्हणून, मी चिडचिड केली म्हणून. मला त्या आयांचा विचार येतो तेव्हा खरंच गलबलून येतं.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तो थॅलिडोमाइडबद्दल बोलतोय आणि ती भीती खरी आहे. पण ती गोष्ट लोकांच्या लक्षात उलटी राहिली आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ती गोळी झोपेसाठी म्हणून विकायला आली, पुढे मळमळीसाठी गरोदर बायकाही घ्यायला लागल्या, आणि १९६१ मध्ये बाजारातून काढेपर्यंत दहा हजारांच्या वर मुलं व्यंग घेऊन जन्माला आली. गरोदरपणात ती चालते का हे कुणी नीट तपासलंच नव्हतं, थेट दुकानात ठेवली. अमेरिकेत फ्रान्सेस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी पुरावा आणा म्हणून परवानगी अडवून धरली आणि तिथली असंख्य मुलं वाचली. म्हणजे इतकं मोठं नुकसान झालं ते तपासणीच्या अभावाने. आणि आपण सगळ्यांनी त्यातून धडा काय घेतला, तर गरोदर बायकांना तपासणीतूनच बाहेर ठेवा! १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तर ज्यांना मूल होऊ शकतं अशा सगळ्याच बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून लांब ठेवायला सांगितलं, ते १९९३ मध्ये मागे घेतलं.

आणि हे बाहेर ठेवणं कागदावर कसं दिसतं ते मी जवळून बघितलंय. कमिटीसमोर प्रत्येक अभ्यासाची जाड फाईल यायची, त्यात कुणाला घ्यायचं नाही त्याची यादी असते, आणि त्या यादीत शेवटी शेवटी एक ओळ असायचीच, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया वगळून. औषध कशाचंही असो, मलम असलं तरी ओळ तीच. पहिली चार वर्षं मी त्या ओळीवरून नजर फिरवून सही केली, मला वाटायचं चला, एवढी तरी काळजी घेतायत. मग एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं की ही ओळ का आहे, काही धोका दिसलाय का, आणि ज्यांनी फाईल आणली होती त्यांना उत्तरच देता येईना, ती आधीच्या फाईलमधून उचललेली होती. त्या दिवसापासून मी प्रत्येक फाईलला कारण विचारायला लागले. कधीकधी कारण पक्कं असायचं, औषध नवीन असायचं, प्राण्यांवरच्या तपासणीत गर्भाला इजा दिसलेली असायची, मग वगळणं बरोबरच. पण पुष्कळदा कारण नसायचंच.

याचा परिणाम २०२० च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांनी बघितला. कोविडच्या पहिल्या लशी आल्या आणि त्यांच्या मोठ्या चाचण्यांत गरोदर आणि पाजणाऱ्या बायका नव्हत्या, त्यामुळे हॉस्पिटलात काम करणाऱ्या गरोदर नर्सला सुद्धा हातात काहीही आकडे नसताना घेऊ की नको ठरवावं लागलं. याउलट त्याच साथीत ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीने गरोदर बायकांना घेतलं, जिथे गरज होती तिथे स्टिरॉइडचा प्रकार त्यांच्यासाठी बदलला, आणि काम पुढे नेलं. करायचं ठरवलं तर करता येतं.

आणि करून काय मिळतं त्याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण १९९४ चं आहे. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांनी एका चाचणीत भाग घेतला, काहींना झिडोव्हुडिन हे औषध मिळालं, काहींना औषध नसलेली गोळी. ज्यांना औषध नव्हतं त्यांच्या साधारण २५ टक्के बाळांना लागण झाली, औषधवाल्यांत ८ टक्के. त्या बायकांना लोक काय काय बोलले असतील, विचार कर. आईकडून बाळाला होणारी ती लागण थांबवता येते हे जगाला त्यांनी दाखवलं.

म्हणून स्वार्थी आई वगैरे शब्द डोक्यातून काढ. पण हेही तितक्याच जोरात सांगते की नाही म्हणालीस तरी तू वाईट आई नाहीस, आणि जगाचं भलं करायचं ओझं घेऊन हो म्हणू नकोस. मी इतकं सगळं लिहिलं ते तुला ढकलायला नाही, घरातल्या तिघांच्या म्हणण्यात जी गोष्ट गृहीत धरली होती ती बाजूला काढायला. अभ्यासात गेलीस तरी बाळाला लॅमोट्रिजिन मिळणार, नाही गेलीस तरी मिळणार. फरक महिन्याला एका सुईचा आहे, आणि त्या सुईचा फायदा झालाच तर पहिल्यांदा तुलाच आहे, अर्थात एका अटीवर, की तो रिपोर्ट तुझ्या डॉक्टरांना लगेच मिळाला पाहिजे. हे विचारच. काही अभ्यासांत सगळे नमुने फ्रीजरमध्ये साठवून वर्षभराने एकदम तपासतात, मग तुझा डोस ठरवायला त्याचा काही उपयोग नाही. मग वेगळी तपासणी तुला करून घ्यावी लागेल, अभ्यासात असलीस तरी.

बाकीचं विचारायचं तेही सांगते, हे मी कमिटीत प्रत्येक संमतीपत्रात शोधायचे. या अभ्यासामुळे माझा औषधोपचार कुठे बदलणार आहे का, चिठ्ठी टाकून कुणाला काय द्यायचं असं काही आहे का (तुझ्या वर्णनावरून नाहीये, पण कागदावर बघ). मध्येच सोडलं तर माझ्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना, आणि तोवर दिलेल्या नमुन्यांचं काय करणार. काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण करणार. माझं नाव कुठे कुठे जाणार, कारण फिट्स आहेत हे ऑफिसात किंवा नातेवाइकांत कळावं असं सगळ्यांना वाटत नाही आणि त्यात लाज बाळगण्यासारखं काही नसलं तरी कुणाला सांगायचं ते तू ठरवणार. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि काही तक्रार असेल तर त्यांना थेट फोन करता येईल असा नंबर कागदावर आहे का. निकाल लागल्यावर मला सांगणार का. आणि कागद घरी आण. वाचायला वेळ न देता टेबलावरच सही मागत असतील तर तिथेच नाही म्हण, अभ्यास कितीही चांगला असो.

बाळाच्या रक्ताचा भाग मी वेगळा बघते. तो निर्णय तू बाळाच्या वतीने घेतेस, म्हणून तिथे जास्त कडक राहायला हरकत नाही. किती थेंब, टाचेतून की शिरेतून, तान्ह्या बाळाच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळीच घेता येईल का म्हणजे वेगळी सुई टळेल, आणि मी माझं रक्त आणि दूध दिलं पण बाळाचं नाही दिलं तर चालेल का. पुष्कळ अभ्यासांत असं चालतं, लोक फक्त विचारत नाहीत.

आता दुधाचं. लॅमोट्रिजिन दुधात उतरतं, हे खरंय, आणि फिट्सच्या बाकीच्या काही औषधांपेक्षा जास्त उतरतं. पण ज्या मोठ्या अभ्यासांत औषध घेणाऱ्या आयांच्या पाजलेल्या आणि न पाजलेल्या मुलांची तुलना केली, त्यात पाजलेली मुलं सहाव्या वर्षी मागे पडलेली दिसली नाहीत, उलट त्यांचे बुद्ध्यांक थोडे वरच होते. म्हणून आज बहुतेक डॉक्टर पाजायला सांगतात आणि बाळ जास्त झोपाळलं, नीट ओढत नाहीये, वजन वाढत नाहीये किंवा रॅश आली तर लगेच दाखवायला सांगतात. डोस डिलिव्हरीनंतर वेळेवर उतरवणं इथेही महत्त्वाचं, कारण तुझ्या रक्तात जास्त तर दुधात जास्त.

या विषयावर मी जरा हळवी आहे. माझी मुलगी दहा आठवड्यांची असताना माझा सीटी स्कॅन करावा लागला, शिरेतून डाय देऊन. मला सांगितलं दोन दिवस दूध काढून फेका. मी रात्री तीन वाजता बेसिनपाशी उभी राहून दूध काढत होते, ते पांढरं पाणी जाळीतून खाली जाताना बघत होते, आणि आत ती बाटली न घेता रडत होती. दोन दिवसांनी ती अंगावर घेईना, परत सवय लागायला आठवडा गेला आणि दूध कमी झालं ते झालंच. पुढे कमिटीवर आल्यावर कळलं की त्या डायचा एक टक्काही दुधात जात नाही आणि जो जातो त्यातला एक टक्काही बाळाच्या पोटातून शोषला जात नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला माहिती नव्हतं आणि नाही म्हणणं सोपं होतं.

त्यामुळे पाजणाऱ्या ज्या ज्या वाचक असतील त्यांनाही सांगते, कुणी औषधासाठी पाजणं बंद करा म्हणालं तर भांडू नका पण विचारा, या औषधाची दुधातली माहिती बघितलीत का, दुसरं चालणारं औषध आहे का. लॅक्टमेड नावाची फुकट माहितीसूची आहे, इंटरनेटवर कुणालाही उघडता येते, डॉक्टरांना नम्रपणे तिचं नाव सांगा. काही औषधांना खरंच पाजणं थांबवावं लागतं, कॅन्सरची बरीचशी औषधं त्यात येतात, म्हणून स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका.

आणि ज्यांना तुझ्यासारखा साधा नमुने देण्याचा अभ्यास नाही तर नवीन औषधाची चाचणी विचारली जाईल त्यांनी माझं हे पत्र जसंच्या तसं लावून घेऊ नका. तिथे प्रश्न वाढतात. प्राण्यांवर गर्भाची तपासणी झालीय का, गरोदर नसलेल्या किती जणांनी हे घेतलंय, माझ्या आजाराला जुनं माहितीतलं औषध आहे का आणि ते मला का पुरत नाही, पहिले तीन महिने उलटेपर्यंत थांबता येईल का, बाळावर जन्मानंतर किती वर्षं लक्ष ठेवणार. याची उत्तरं गुळमुळीत आली तर मी स्वतः जाणार नाही.

घरी कसं बोलायचं, तर मला वाटतं वाद घालू नकोस. नवऱ्याला पुढच्या व्हिजिटला सोबत ने आणि त्याचा थॅलिडोमाइडचा प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारू दे. तो चिडलाय कारण तो घाबरलाय, आणि घाबरलेल्या माणसाला कागद हातात घेऊन स्वतः प्रश्न विचारता आले की बरंच शांत व्हायला होतं. सासूबाई तोंडाकडे बघतात म्हणतेस, त्यांनाही एकदा बसवून सांग की गोळी थांबवली तर काय होऊ शकतं. त्यांना कदाचित हे कुणी कधी सांगितलेलंच नसेल. सही मात्र तुझी आहे, आणि नकोही तुझाच.

दहा दिवसांचं नवऱ्याला आजच सांग. तू झोपलेली असताना फिट आली तर शेजारी तोच असणार आहे, आणि त्याला माहिती हवं की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि फिट थांबो की चालू राहो, तू गरोदर आहेस म्हणून लगेच हॉस्पिटलला कळवायचं. डॉक्टरांचा नंबर लागला नाही तर प्रसूतीवाल्या डॉक्टरांना कर, वाट बघत बसू नकोस. अभ्यासाचं उत्तर द्यायला तुझ्याकडे अजून आठवडे आहेत, गोळीचं तसं नाहीये.